शेपट्या फुटलेले फोटो

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास आईचा फोन आला, तेव्हा थोरली चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत मशीनवर काच घासत होती. नंबर मोठा, काच जाडजूड आणि गिऱ्हाइकाने फ्रेम निवडलेली काडीसारखी. म्हणजे आधीच डोक्याला ताप. फोन तिसऱ्यांदा थरथरला तेव्हा तिने मशीन थांबवलं.

"बाबांच्या फोटोंना शेपट्या फुटल्यात," आई दबक्या आवाजात म्हणाली.

"काय फुटल्यात?"

"शेपट्या. त्या नावांना. कालपासून धड जेवले नाहीत. आणि मी फोन केला असं सांगू नकोस."

थोरलीने कपाळाला हात लावला. हातावरची काचेची पांढरी पूड कपाळाला लागली.

सात वर्षांपूर्वी तिने घरच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढला होता. तिची तेवढीच चूक झाली. त्या दिवसापासून ती घरातली कॉम्प्युटरवाली. धाकटी बहीण विमानाने नऊ तासांच्या अंतरावर, त्यामुळे तिला कोणी काही विचारत नसे. गेल्या महिन्यात पडदा आडवा झाला होता. त्याच्या आधी आवाज गेला होता, म्हणजे खरं तर केर काढताना आईने स्पीकरची वायर ओढली होती. दर वेळी थोरली दुकानातून फोनवरच उंटावरून शेळ्या हाकायची आणि शेवटी वैतागून घरी जायची. पण शेपट्या हा प्रकार नवा होता. तिने मालकांना सांगितलं, काच सोमवारी देते म्हणाली आणि बस पकडली.

बाबा घड्याळजी होते. दुकान बंद करून नऊ वर्षं झाली होती, पण जुन्या लंबकाच्या घड्याळांना हात लावणारं गावात दुसरं कोणी उरलं नव्हतं, म्हणून पुढच्या खोलीत काम चालूच होतं. साठी उलटल्यावर त्यांच्या लक्षात आलं की बोटं अजून शहाणी आहेत, पण डोकं मधूनच दगा देतं. खोललेल्या घड्याळातला कुठला स्क्रू कुठल्या भोकातला, हे पूर्वीसारखं आठवेना. मग त्यांनी एक शिस्त लावून घेतली. एक भाग काढला की एक फोटो. फोटो कॉम्प्युटरवर, दर घड्याळाचं वेगळं फोल्डर, फोल्डरला गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख. अशी तीनशेच्या वर घड्याळं तिथे जमली होती. बाबा जोडणी करताना फोटो उलट्या क्रमाने बघत जायचे, पुस्तक मागून वाचावं तसे.

थोरली घरात शिरली तेव्हा टेबलावर पांढऱ्या फडक्यावर एका मोठ्या भिंतीवरच्या घड्याळाचे भाग मांडलेले होते. चाकं, पट्ट्या, टोल्यांच्या हातोड्या, बारीक पिना. एकशे बेचाळीस भाग, असं बाबांनीच एका चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं. बाबा टेबलाकडे पाठ करून कॉम्प्युटरसमोर बसले होते.

"तू कशी काय आज?" त्यांनी न वळता विचारलं.

"सहज."

"आईने फोन केला."

"हो."

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. तिने खुर्ची ओढली आणि पडद्याकडे पाहिलं. प्रत्येक फोटोच्या नावापुढे एक टिंब आणि पाच निरर्थक अक्षरं चिकटली होती. त्यांतला कुठलाही उघडत नव्हता. आणि दर फोल्डरमध्ये, फोटोंच्या शेजारी, एक नवी चिठ्ठी बसली होती. 'मला वाचा' हे तिचं नाव. तिने वाचली. तुमच्या फाइल्स आम्ही कुलूपबंद केल्या आहेत, किल्ली फक्त आमच्याकडे आहे, बहात्तर तासांत पैसे द्या, नंतर रक्कम दुप्पट होईल, पोलिसांकडे जाऊ नका. रक्कम पाहून थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. बाबांची पाच महिन्यांची कमाई होती ती.

तिने वाकून आधी भिंतीकडून येणारी इंटरनेटची वायर उपटली.

"अगं, अगं! काय करतेस?"

"बाबा, हे खंडणीवालं सॉफ्टवेअर आहे. दुकानात यावर तासभर भाषण झालं होतं आम्हाला. हे कधी सुरू झालं?"

"परवा दुपारी मशीन फार घरघरायला लागलं. पंखा नुसता भणभणत होता. मला वाटलं, उकाड्याने असेल. मी त्याच्यासमोर टेबलफॅन लावला."

परवा. म्हणजे गुरुवार. ते बिचारं मशीन दुपारभर एकेका फोटोला कुलूप लावत होतं आणि बाबा त्याला वारा घालत होते.

"मग?"

"मग बंद करून चालू केलं. पाच-सहा वेळा."

"आणि दोन दिवस मला सांगितलं नाहीत."

"तू कामात असतेस."

थोरलीने दात आवळले. मग तिला आठवलं आणि एकदम जिवात जीव आला. "डिस्क! बाबा, मी तुम्हाला ती काळी डिस्क दिली होती ना? महिन्यातून एकदा जोडायची, फोटो उतरवायचे आणि काढून कपाटात ठेवायची. ती आहे ना कपाटात?"

बाबांची नजर टेबलाखाली गेली. तिने वाकून पाहिलं. काळी डिस्क मशीनला जोडलेली होती, तिच्यावरचा निळा दिवा शांतपणे लुकलुकत होता.

"वर्षभर काढूनच ठेवत होतो," बाबा म्हणाले. "तू सांगितलंस तसंच. काल सकाळी म्हटलं, यातले बिघडले तर त्यातले परत आणू. म्हणून जोडली. दहा मिनिटांत तिच्यातल्यांनाही..."

"शेपट्या फुटल्या."

"हो."

थोरली उठून खिडकीपाशी गेली आणि परत आली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते असं. एक वर्ष नेमाने दार लावलेल्या माणसाने, घरात चोर असताना, तिजोरी उचलून चोरापुढे आणून ठेवली होती. कोणावर ओरडावं? तिने डिस्कची वायर काढली, जरा जास्तच जोरात.

"आणि दुसरं एक," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "ते पत्राचं सांगा की तिला."

"कसलं पत्र?"

बाबांनी खुर्चीवर चुळबुळ केली. त्यांनी चोरांना पत्र लिहिलं होतं. चिठ्ठीत दिलेल्या पत्त्यावर, रीतसर. फोनवर त्याची प्रत होती. 'महोदय, मी एक वृद्ध घड्याळजी असून सदर फोटो हे माझ्या उदरनिर्वाहाचे साधन आहे. आपल्याला ते काहीच उपयोगाचे नाहीत. तरी कृपया विचार व्हावा.' भाषांतराच्या ॲपमधून ते इंग्रजी करून पाठवलं होतं, खाली सही, सहीखाली घरचा पूर्ण पत्ता.

"पत्ता कशाला दिलात?"

"पत्रावर पत्ता नको?"

चोरांनी तासाभरात उत्तर धाडलं होतं. आम्ही समजू शकतो, एक फाइल पाठवा, विश्वासासाठी ती फुकट सोडवून देऊ. बाबांनी पाठवली. त्यांनी खरंच सोडवून दिली. तीनशे घड्याळांच्या हजारो फोटोंमधला सुटून आलेला तो एकमेव फोटो थोरलीने मोठा करून पाहिला. त्यात बाबांचा अंगठा होता. मागे अस्पष्ट काहीतरी पितळी.

"घाईत पाठवला," बाबा म्हणाले.

"पण शब्दाची माणसं आहेत," आई म्हणाली. "उघडून दिला ना? देऊन टाकूया पैसे. हे असे बसलेत दोन दिवस, मला बघवत नाही. गेलेला पैसा परत मिळवता येतो, गेलेलं माणूस—"

"आई! कोणी गेलेलं नाही. आणि शब्दाची माणसं दरोडा घालत नाहीत!"

एवढा मोठा आवाज तिने या घरात शाळेत असतानाही काढला नव्हता. 

"माझ्याशी लहान मुलासारखं बोलू नकोस," बाबा म्हणाले.

"मग लहान मुलासारखं वागू नका. हे मशीनमध्ये आलं कसं, तेवढं सांगा."

बाबांनी डोळ्याला लावायचं भिंग काढलं आणि सदऱ्याला पुसत बसले. या घड्याळाच्या टोल्यांचं यंत्र त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, म्हणून ते त्याच्या आकृत्यांचं जुनं पुस्तक शोधत होते. एका ठिकाणी फुकट मिळालं. उतरवून घेतलं. पुस्तकाचंच चित्र होतं त्यावर, पुस्तकाचंच नाव. दाबलं तर काही उघडलं नाही.

"लाल चौकट आली असेल ना? धोका आहे, उघडू नका?"

"आली होती."

"मग?"

"तू म्हणाली होतीस."

"मी? मी काय म्हणाले होते?"

"मागल्या महिन्यात चौकट आली तेव्हा मी तुला फोन केला होता. तू म्हणालीस, बाबा, दर वेळी काय विचारता, हो म्हणा आणि पुढे जा." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. कारखान्याने छापलेली सूचना वाचून दाखवावी तसं त्यांनी सांगितलं. "म्हणून हो म्हटलं."

थोरलीला तो फोन आठवला. काउंटरवर दोन गिऱ्हाइकं होती, तिसरं भांडत होतं. चौकट प्रिंटरच्या शाईची होती, खरंच हो म्हणण्यासारखीच. पण बाबांना ते कसं कळणार? त्यांच्या लेखी चौकट ती चौकट. दोन दिवस ते याच गोष्टीचं ओझं घेऊन बसले होते आणि तिच्यावर येऊ नये म्हणून गप्प होते, हे तिला आत्ता कळलं. राग कोणावर तरी काढायचा होता, पण जागा सापडेना. चोराला चेहरा नव्हता, बाबांवर काढण्यात अर्थ नव्हता, उरलं कोण?

"चला," ती म्हणाली. "मशीन उचला. कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या बाईंकडे जाऊ."

दुरुस्तीवाल्या बाईंचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं, लाँड्री आणि किल्ल्या करणाऱ्याच्या मध्ये. बाई पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, बोलणं मोजकं. त्यांनी आधी मशीनला हात न लावता प्रश्न विचारले, कधी, काय, किती वेळा चालू-बंद केलं. बाबांनी सगळं खरं सांगितलं, टेबलफॅनसकट. बाई हसल्या नाहीत, याबद्दल थोरलीने मनातल्या मनात त्यांचे आभार मानले.

"चिठ्ठी दाखवा. आणि शेपटीवाला एक फोटो, ज्यात खासगी काही नाही असा."

"सगळ्यांत चाकंच आहेत," बाबा म्हणाले.

बाईंनी आपल्या स्वच्छ लॅपटॉपवर एक साइट उघडली. पोलिस आणि सुरक्षेचं काम करणारे लोक मिळून ती चालवतात, त्या म्हणाल्या. चोरांच्या ज्या टोळ्यांच्या किल्ल्या हाती लागल्या, त्या तिथे फुकट ठेवलेल्या असतात. चिठ्ठी आणि फोटो चढवला. तिघंही पडद्याकडे पाहत राहिले. टोळी ओळखू आली. किल्ली नव्हती.

"अजून नाही," बाई म्हणाल्या. "वर्षाने मिळेल, पाच वर्षांनी मिळेल, मिळणारही नाही. कुलूप लागलेले फोटो मी जसेच्या तसे वेगळ्या डिस्कवर काढून देते. ती जपून ठेवा. मशीन पूर्ण पुसून नवं करावं लागेल. नुसतं स्कॅन करून झाडलं आणि कोपऱ्यात पिल्लू राहिलं तर पुन्हा पहिले पाढे."

"आणि पैसे दिले तर?" बाबांनी विचारलं.

"माझ्याकडे आलेल्यांत दोघांनी दिले होते. एकाची किल्ली अर्ध्यावर अडकली. दुसऱ्याला महिन्याने पुन्हा पत्र आलं. देणारा माणूस म्हणून नाव नोंदलं गेलं त्याचं." त्यांनी बाबांकडे पाहिलं. "तुम्ही घरचा पत्ता दिलाय म्हणे."

"सवय," बाबा पुटपुटले.

"पोलिसांच्या सायबर शाखेत तक्रार द्या. फोटो परत मिळतील म्हणून नव्हे, नोंद हवी म्हणून. पासवर्ड सगळे बदला, फोनवरून, या मशीनवरून नाही. बँकेचा आधी. त्या लोकांना आता एक ओळही लिहायची नाही, धन्यवादसुद्धा नाही."

मग त्यांनी बाबांना शेजारी बसवून लॅपटॉपवर एक युक्ती दाखवली. फाइलच्या नावाचा शेवटचा तुकडा एरवी लपलेला असतो. तो उघडा ठेवला की सोंग कळतं. पुस्तक म्हणवणाऱ्याच्या शेवटी चालवायच्या प्रोग्रॅमचं आडनाव निघालं, तर ते पुस्तक नव्हे. रोजच्या कामाला साधं खातं, नवीन काही बसवायचा अधिकार नसलेलं. मशीन सांगेल ती सुधारणा लगेच घ्यायची. आणि डिस्क एक नाही, दोन.

"एक मशीनपाशी आली की दुसरी कपाटात. दोघी कधी समोरासमोर येता कामा नयेत. जावा आहेत असं समजा. आणि मशीन जरा विचित्र वागलं तर दोघींतली एकही जोडायची नाही."

"आणि चौकट आली तर?" बाबांनी विचारलं.

"पूर्ण वाचायची. कळली नाही तर विचारायचं." बाईंनी स्क्रू उघडता उघडता थोरलीकडे पाहिलं. "आणि ज्याला विचारतात, त्याने खेकसायचं नाही."

थोरलीचे कान तापले. 

पोलिस चौकीत त्यांना दोन खिडक्या आणि तीन फॉर्म लागले. एका फॉर्मवर 'चोरीस गेलेल्या वस्तूचे वर्णन' अशी ओळ होती. बाबांनी विचारपूर्वक लिहिलं, 'काहीही गेलेले नाही. सर्व जागेवर आहे, परंतु उघडत नाही.' हवालदाराने ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, आजोबा, असं लिहून चालत नाही. मग पाऊण तास वाद. थोरलीला वाटलं, आता इथेच जमिनीवर बसून घ्यावं.

रविवारी ती पुन्हा आली. टेबलावर एकशे बेचाळीस भाग तसेच होते. घड्याळ एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचं होतं आणि सोमवारी द्यायचं ठरलं होतं. सुटे भाग आले नाहीत असं सांगावं, अशी आईची सूचना. बाबांनी बाईंना फोन लावला आणि सरळ सांगितलं, "माझी चूक झाली. जोडणीचे फोटो गेले. तीन आठवडे लागतील, कदाचित जास्त." पलीकडून बराच वेळ बोलणं आलं. बाबा हो, हो, बरोबर आहे, म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर म्हणाले, "शाळेतल्यासारखंच झापलं."

थोरलीने वही घेतली. बाबांनी दोन पट्ट्यांच्या मध्ये पहिलं चाक बसवलं, बोटाने फिरवलं, ऐकलं, काढलं, दुसरं बसवलं. बसलं की ती चित्र काढायची, नंबर द्यायची आणि आपल्या फोनने फोटोही घ्यायची. रोज लेन्स फ्रेममध्ये बसवणाऱ्या तिच्या हातांना बारीक कामाची सवय होती, पण बाबांच्या पद्धतीची नाही.

"चिमटा असा नाही धरायचा."

"असाच धरतात."

"चष्म्याला धरत असतील."

"बाबा, मी वीस वर्षं काम करतेय."

"मी बेचाळीस."

काटे चालवणारी बाजू चार दिवसांत लागली. टोल्यांची बाजू लागेना. तीन वाजता सात ठोके, सातला एक, मग एकदम न थांबता एकोणीस. आई स्वयंपाकघरातून ओरडली की त्याला आवरा नाहीतर मी आवरते. थोरली रोज दुकान सुटल्यावर येत होती, रोज वैतागून जात होती. अकराव्या दिवशी ती चिडून म्हणाली, "अहो, हे टोले मोजणारं खाचांचं चाक उलटं तर बसलं नाही ना?" बाबा म्हणाले, शक्यच नाही, बेचाळीस वर्षांत असं झालेलं नाही. मग त्यांनी भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं, आणि चाक काढून उलटं केलं. काटे फिरवल्यावर घड्याळाने तीनला तीन दिले.

"योगायोग," बाबा म्हणाले.

तिसऱ्या आठवड्यात मुख्याध्यापिका बाई घड्याळ घेऊन गेल्या. दरम्यान मशीन नवं होऊन परत आलं होतं. सुटे भाग मागवताना बाबांनी व्यापाऱ्यांना वेळोवेळी जे फोटो मेलने पाठवले होते, त्यांतून आणि जुन्या फोनमधून चाळीसेक घड्याळांचे थोडेफार फोटो गोळा झाले. बाकीची अडीचशेहून जास्त घड्याळं गेली ती गेलीच. कुलूप लागलेली डिस्क कपाटात आहे. थोरली महिन्यातून एकदा ती साइट उघडून पाहते. किल्ली अजून आलेली नाही. बाबा वरच्या फळीवरून एकेक दुरुस्त होऊन पडलेलं घड्याळ काढतात, पुन्हा खोलतात आणि पहिल्यापासून फोटो घेतात, आता अंगठा बाजूला ठेवून.

घड्याळ नेल्यावर आठ दिवसांनी मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला होता. तेव्हा थोरली तिथेच होती. घड्याळ छान चाललंय, टोलेही बरोबर, पण आठवड्यात दोन मिनिटं पुढे जातं.

"अशक्य," बाबा म्हणाले. "तुमची भिंत वाकडी असेल."

पलीकडे भिंतीची बाजू मांडली जात होती. बाबांनी फोन कानापासून जरा लांब धरला, दुसऱ्या हाताने हत्यारांची पिशवी खुंटीवरून काढली आणि थोरलीला खुणेने सांगितलं, ओळंबा घे.

"मला दुकानात जायचंय, बाबा!"

"दहा मिनिटांचं काम आहे," ते म्हणाले आणि चपला घालायला लागले.